गोदीतील आग आणि तरंगती घरे

१४ एप्रिल म्हटले की महाराष्ट्रात घरोघरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच दिवशी सकाळी मुंबईच्या भायखळ्याला, अग्निशमन दलाच्या मुख्य ठाण्यात, आणखी एक स्मरण होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत एका जहाजाला आग लागली. ती विझवताना या दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या आठवणीसाठीच त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. शाळेत मुलांना बंब दाखवायला आणतात, वाळूच्या लाल बादल्या दाखवतात, तो हाच आठवडा.

मी मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वर्गात बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडून लोकलने येणारी मुले असतात. चार-दोन वेसावे आणि मढकडची कोळ्यांची मुलेही असतात. दुसऱ्या महायुद्धाचा भाग शिकवताना मी एकदा या आगीची हकीकत सांगितली. जहाजावर कप्तान होता, धक्क्यावर बंबवाले होते, लष्कराचे अधिकारी होते, गोदीचे व्यवस्थापक होते, हे सगळे सांगून झाले. तेव्हा वेसाव्याचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या होडीवर काही झालं तर हुकूम तांडेलाचा. तिथं हुकूम कोणाचा होता?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर त्या दुपारी गोदीत असलेल्या कोणालाही ते देता आले नव्हते. म्हणून आज हाच प्रश्न घेऊन आपण त्या आगीकडे पाहू.

जहाजाचे नाव 'फोर्ट स्टिकिन'. १९४२ साली कॅनडात बांधलेले, सुमारे सात हजार टनांचे मालवाहू जहाज. कप्तानाचे नाव अलेक्झांडर नेस्मिथ. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता : टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. त्यातला २३८ टन माल अतिशय संवेदनशील होता. शिवाय लढाऊ विमाने होती आणि लाकडी खोक्यांत बंद केलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या. वाटेत कराचीला काही माल उतरला. रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या चढवल्या. सोबत तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड असे काय काय भरले. म्हणजे पेटणारे आणि फुटणारे असे जे जे म्हणून असते, ते सगळे एका छपराखाली आले. १२ एप्रिलला जहाज मुंबईला पोहोचले आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले.

इथे जरा थांबू. शांततेच्या काळात दारूगोळ्याचे जहाज गोदीत आणायचे नाही, असा रिवाज होता. ते दूर खोल पाण्यात नांगरायचे, पडावांतून माल थोडा थोडा उतरवायचा, आणि जहाजावर लाल बावटा लावायचा. त्यामुळे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळे की इथे बिडी-काडीचे काम नाही. युद्ध आले आणि दोन्ही गोष्टी सैल झाल्या. आघाडीवर माल लवकर पोहोचायला हवा होता, म्हणून जहाज गोदीत आणायला परवानगी मिळाली. शत्रूला सुगावा लागू नये, म्हणून लाल बावटा लावायचा बंद झाला. दोन्ही सवलतींची कारणे, बघा, अगदी खरी होती. कोणी लाच घेऊन वा आळसाने नियम मोडला असे नाही. पण शेजारच्या जहाजावरच्या खलाशाला आणि धक्क्यावरच्या हमालाला आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे कळायचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

आता कापसाचे बघा. खानदेश-वऱ्हाडातील श्रोत्यांना हे मी सांगायला नको. जिनिंगच्या आवारात बिडी घेऊन गेलात तर रखवालदार फाटकातच अडवतो. दाबून बांधलेल्या गासडीत एक ठिणगी गेली, तर ती लगेच भडकत नाही. आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी मारले तर वरचा थर भिजतो, आतला निखारा तसाच राहतो. गवताची गंजी पेटते तेव्हाही हाच अनुभव येतो. ती उपसून, पसरून विझवावी लागते. शेतात गंजी पसरायला जागा असते. जहाजाच्या पोटात ती नसते. तिथे चारही बाजूंना लोखंडी भिंती, वर एक तोंड, आणि 'फोर्ट स्टिकिन'च्या दोन नंबरच्या होल्डमध्ये तर कापसाच्याच वरच्या मजल्यावर स्फोटके रचलेली.

१४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी जेवणाची सुट्टी संपवून गोदी कामगार परत आले, तेव्हा दोनच्या सुमारास या दोन नंबरच्या होल्डमधून धूर येताना दिसला. गोदीतल्या बंबवाल्यांनी लगेच पाणी सुरू केले. मोठ्या आगीची वर्दी दूरध्वनीवरून द्यायची, असे ठरलेले होते. ती तशी गेली नाही. काच फोडून द्यायची साधी वर्दी गेली, आणि साध्या आगीला जेवढे बंब जातात तेवढेच आधी आले. दारूगोळ्याची बातमी मुख्य ठाण्याला कळून मोठी कुमक येईपर्यंत मोलाची मिनिटे गेली होती.

मग अधिकारी जमू लागले. लष्कराच्या दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट आले. त्यांनी मालाची यादी पाहिली आणि जहाज ताबडतोब बुडवा, नाहीतर सारी गोदी उडेल, असे बजावले. त्यावर दुसऱ्यांचे म्हणणे पडले की इथे पाणी पुरेसे खोल नाही, तळाला भोक पाडले तरी जहाज थोडेसेच खाली बसेल, माल वरच राहील. गोदीचे सरव्यवस्थापक कर्नल सॅडलर यांचा सल्ला होता की जहाज ओढून बाहेर समुद्रात न्यावे. पण इंजिनाची दुरुस्ती चालू होती, म्हणजे जहाज स्वतःच्या बळावर हलणार नव्हते. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना अजून आशा होती की पुरेसे पाणी ओतले तर आग आटोक्यात येईल. कप्तान नेस्मिथ यांच्यापुढे तीन जाणत्या माणसांचे तीन सल्ले होते, आणि तीनही एकमेकांना छेद देणारे.

श्रोतेहो, यातला एकही माणूस भित्रा नव्हता, हे मुद्दाम ध्यानात घ्या. कोणी पळाला नाही. प्रत्येक जण आपापल्या खात्याचे काम जीव तोडून करत होता. कप्तान जहाजाचा धनी होता, पण गोदीचा नव्हता. बंबवाले आगीचे जाणकार होते, पण जहाज हलवायचा अधिकार त्यांचा नव्हता. लष्कराला दारूगोळा कळत होता, पण जहाज त्यांचे नव्हते. बुडवा, हलवा किंवा सगळे जण दूर व्हा, यातला एक हुकूम ठामपणे देईल आणि तो बाकीच्यांना मानावाच लागेल, असे आसन तिथे आधीपासून मांडलेले नव्हते. आग लागल्यावर ते मांडता येत नाही.

मधल्या वेळात ९०० टनांवर पाणी जहाजात गेले. ते आत उकळू लागले. जहाजाच्या बाजूवरचा रंग फुगून निघू लागला, तेव्हा निखारा नेमका कुठे आहे हे बाहेरून दिसले. पण तिथवर पोहोचायला वाट नव्हती. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, तो पहिल्याहून मोठा. कप्तान नेस्मिथ या दुर्घटनेत गेले. आणि ज्यांना मागे हटा असे कोणी वेळेवर सांगितले नव्हते, ते बंबवाले हातात नळ्या धरलेल्या जागीच गेले.

या स्फोटाची नोंद सतराशे किलोमीटरवर सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. गोदीपासून बारा किलोमीटर म्हणजे वांद्रे-कुर्ल्याचा परिसर, आपल्या उपनगरांचा उंबरठा. 'जलपद्म' नावाचे चार हजार टनांचे जहाज पाण्यातून उचलून धक्क्यावर फेकले गेले. तेरा जहाजे गमावली. जळत्या कापसाचे गोळे आणि लाल झालेले लोखंड आकाशातून मांडवी-मशीद बंदरच्या वस्तीवर पडले. गोदामांतले सुमारे ५५ हजार टन धान्य जळाले, आणि तेही बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठ. एक सोन्याची विट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. जखमी अडीच हजार, आणि बेघर झालेली माणसे ऐंशी हजार. आग तीन दिवसांनी आवरली. सुमारे आठ हजार माणसे सात महिने खपली, तेव्हा पाच लाख टन राडारोडा हलला आणि गोदी पुन्हा चालू झाली.

रेडिओवरून बोलत असताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एवढा मोठा प्रकार झाला, साऱ्या मुंबईने तो ऐकला, पण सरकारने बातमी दाबून ठेवली. बाहेरच्या जगाला तो पहिल्यांदा सविस्तर सांगितला तो जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. इथल्या बातमीदारांना मजकूर बाहेर पाठवायला परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. लाल बावटा न लावण्यामागे जो विचार होता, तोच इथेही होता. शत्रूपासून लपवायचे म्हणून आपल्याच माणसांपासून लपवले गेले.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. घातपाताचा संशय खूप होता. तो खरा ठरला नाही. आग अपघातानेच लागली आणि कापूस व दारूगोळा एकत्र भरणे हे अनर्थाचे एक मोठे कारण, असा निष्कर्ष निघाला. बहुधा कोणाची तरी विडी-सिगारेट. एका थोटकाने एवढे झाले म्हणायचे, की थोटकाला एवढे करता येईल अशी मांडणी आधी माणसांनी करून ठेवली म्हणायचे? मला दुसरे उत्तर अधिक पटते.

आता प्रश्न असा की गोदीत जहाज धक्क्याला लागले म्हणजे आपण ते सुरक्षित झाले असे का धरतो? समुद्रात असताना खलाशी जागे असतात, पहारा असतो, होड्या तयार असतात. बंदरात आल्यावर निम्मे लोक गावात जातात, इंजिन उघडले जाते, पंप थंड होतात. आगीला हवी असते ती नेमकी हीच वेळ.

याचे एक उदाहरण कॅनडात घडले. १७ सप्टेंबर १९४९ च्या पहाटे टोरांटो बंदरात 'नोरोनिक' नावाचे प्रवासी जहाज धक्क्याला बांधलेले होते. पाचशेवर प्रवासी आत झोपले होते. म्हणजे त्या रात्री ते जहाज नव्हतेच, ती पाण्यावरची एक धर्मशाळा होती. चादरी ठेवायच्या कपाटात आग लागली. एकाने भिंतीवरची नळी उघडली, तिला पाणी आले नाही. १७१ नोकरांपैकी अवघे पंधरा त्या वेळी कामावर होते. प्रवाशांना उठवायला कोणी गेले नाही, कारण उठवायचे काम कोणाचे हे ठरलेले नव्हते. सव्वाशेच्या आसपास माणसे गेली. मृतांचा आकडा ११८ ते १३९ असा सांगतात. ती सगळी प्रवासी होती, नोकरांपैकी एकही नव्हता. त्यानंतर तिकडे नियम कडक झाले : आपोआप वाजणारी धोक्याची घंटा, आग अडवणाऱ्या भिंती, आणि प्रवासी झोपले असताना सतत फिरता पहारा. आंतरराष्ट्रीय पातळीवरही १९१२ च्या 'टायटॅनिक'च्या अपघातानंतर सुरू झालेल्या कराराला १९४८ साली नवे रूप मिळाले होते, आणि त्यात जहाजावरच्या राहण्याच्या जागेतील आगीचा विचार अधिक बारकाईने झाला होता. आपल्याकडे १९५८ चा व्यापारी जहाजांचा कायदा त्याच मालिकेतला.

मुंबईच्या समुद्रातही पुढे अशी तरंगती घरे आली. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय येथे तेल सापडले, आणि तिथे काम करणाऱ्यांना राहायला लोखंडी मनोरे, जहाजे आणि बार्ज लागू लागल्या. २७ जुलै २००५ रोजी 'समुद्र सुरक्षा' हे साहाय्यक जहाज, बोटे कापलेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी पोहोचवण्यासाठी, मनोऱ्याला लागले. लाटांच्या जोराने ते वायूच्या नळीवर आदळले. वायू पेटला. दोन तासांत मनोरा जळून खाली गेला आणि जहाजही पेटले. चार-पाच दिवसांनी ते बुडाले. त्या सगळ्या परिसरात ३८४ माणसे होती, त्यातली ३६२ वाचली, २२ गेली. आदला दिवस होता २६ जुलै, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो. उपनगरांत लोक छातीभर पाण्यातून चालत होते, आणि त्याच पुराने इकडची हेलिकॉप्टरे अडकवून ठेवली होती. एका संकटाच्या वेळी दुसरे संकट येत नाही, असे धरून नियम करता येत नाहीत, हे त्या दिवशी समजले.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात 'पी-३०५' ही कामगारांच्या निवासाची बार्ज बुडाली. तिथे आग नव्हती, वादळ होते. पण वादळाचा इशारा आलेला होता आणि बार्ज बंदरात परतली नव्हती. तिच्यावरच्या २६१ माणसांपैकी १८६ वाचली. निघायचे की थांबायचे, हा शब्द शेवटी कोणाचा? वेसाव्याच्या त्या मुलाचा प्रश्न सत्याहत्तर वर्षांनीही तसाच उभा होता.

आता हे सारे आपल्या दाराशी आणून पाहू. वेसावे, मढ, मनोरी, गोराईच्या खाड्यांत मासेमारीच्या होड्या एकीला एक लागून उभ्या असतात. खलाशी दिवसचे दिवस होडीवरच राहतात. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. पायाशी डिझेल, डोक्याशी नायलॉनची जाळी, मध्ये शेगडी. ही छोटी तरंगती घरेच की! १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला येतात, डागडुजी, रंगकाम निघते, आणि १९४४ च्या त्या दुपारसारखी सगळी सैल वेळ येते. एकीला आग लागली तर दुसरीचा दोर कोण कापणार, हे आधी ठरलेले असावे. तांडेल गावात गेला असेल तर त्याच्या जागी कोण, हेही ठरलेले असावे.

खेड्यातल्या श्रोत्यांनी म्हणू नये की आम्हाला समुद्र नाही. गोठ्याला लागून कडब्याची गंजी असते, जिनिंगच्या आवारात गासड्या असतात, शाळेच्या एका खोलीत जळण आणि गॅसची टाकी शेजारी शेजारी असते. शिक्षकबंधूंना माझी विनंती अशी. अग्निशमन सप्ताहात मुलांना बंब जरूर दाखवा. पण त्याबरोबर तीन प्रश्न त्यांच्याकडून सोडवून घ्या. इथे कोणत्या दोन वस्तू शेजारी ठेवू नयेत? धोका आहे हे न वाचता येणाऱ्या माणसाला कसे कळेल? आणि आग लागली तर "बाहेर पडा" हे कोण म्हणेल, तो नसेल तर कोण? हे तिन्ही प्रश्न 'फोर्ट स्टिकिन'चेच आहेत. पहिल्याचे उत्तर कराचीला चुकले, दुसऱ्याचे लाल बावटा उतरवला तेव्हा चुकले, आणि तिसऱ्याचे मुंबईच्या धक्क्यावर दोन तास सापडले नाही.

नियम मोडायला घाईच्या वेळी नेहमी चांगलेच कारण असते. युद्ध असते, हंगाम असतो, माल पोहोचवायचा असतो. म्हणून नियम निवांत वेळी करावा आणि घाईच्या वेळी त्याला हात लावू नये.

ती व्हिक्टोरिया गोदी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. तिच्यात भराव टाकून मालाचे डबे ठेवायची जागा केली गेली. पण भायखळ्याला त्या ६६ जवानांचे स्मारक उभे आहे. त्या मुलाला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. म्हटले, "बाबा, हुकूम कोणाचाच नव्हता. म्हणून एवढी माणसे गेली." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आमच्या होडीवरचं एकदा नीट विचारून घ्यायला हवं, सर. बाबा नसतात तेव्हा कोणाचं ऐकायचं ते." त्या वर्षी माझा इतिहासाचा तास कारणी लागला असे मला वाटले.

आपणही आपल्या घरी आज एवढे विचारून घ्या.